चारपैकी तीन

कॅलिफोर्नियातला मराठी माणूस घर बघायला गेला की आधी शाळेचं रेटिंग विचारतो, मग बाथरूम किती ते. दहापैकी नऊवाल्या शाळेच्या हद्दीतलं घर परवडलं तर प्रश्न मिटला. नाही परवडलं तर रात्रीची जेवणं उरकून नवरा-बायको लॅपटॉप उघडून बसतात आणि चार्टर शाळा शोधू लागतात. मी या दुसऱ्या पंथातली. पंथात नव्याने येणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवते, कारण शाळेच्या माहितीसभेत त्या कोणी सांगत नाही. तिथे फक्त कुकीज असतात आणि 'आम्ही प्रत्येक मुलातला शास्त्रज्ञ जागा करतो' असा फलक असतो.

चार्टर शाळा खासगी नसते. पैसा सरकारचा, फी शून्य, पण रोजचा कारभार डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाकडे, नसून शाळेच्या स्वतःच्या बोर्डाकडे. असा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, दुसरा कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये. शाळेला ठरावीक वर्षांची परवानगी मिळते आणि निकाल दाखवून ती पुन्हा मिळवावी लागते. म्हणजे इथे परीक्षा मुलांइतकीच शाळेचीही असते. पालकांची तर असतेच.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की कायद्याने जाहीर सोडत काढावी लागते. सोडत म्हटलं की म्हाडा आठवते, आणि ते योग्यच आहे, कारण इथेही सगळे कोटे सुटल्यावर खुल्या गटात काय उरतं तेच बघायचं असतं. समजा किंडरच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाच्या, ४८ जागा आहेत. त्यात आधी शिकणाऱ्या मुलांची धाकटी भावंडं येतात, मग शिक्षकांची मुलं, मग डिस्ट्रिक्टच्या हद्दीत राहणारे. धाकट्याचा अर्ज भरणाऱ्या पालकाच्या चेहऱ्यावर वतनदाराची शांतता असते ती यामुळे. तुम्हाला वेटलिस्टवर ६१ वा नंबर मिळाला तरी लगेच सुतक धरू नये. यादी दोनदा हलते. एकदा वसंतात, लोक दुसऱ्या शाळांची पत्रं हातात पडल्यावर इथली जागा सोडतात तेव्हा. आणि दुसऱ्यांदा शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात, न आलेल्या मुलांची नावं कमी होतात तेव्हा. बोलावण्याची ईमेल बहुधा स्पॅममध्ये जाते आणि उत्तराला एक-दोन दिवसच मिळतात. तोवर डिस्ट्रिक्टच्या शाळेत नाव घालून ठेवायचंच. वेटलिस्ट पुढच्या वर्षी चालत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो.

कागदपत्रांत लसींची यादी महत्त्वाची. किंडरसाठी डीटॅपचे (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) ५ डोस, पोलिओचे ४, हेपटायटिस बीचे ३, एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) २ आणि कांजिण्यांचे २. भारतात जन्मलेल्या मुलाच्या पुस्तिकेत हमखास अडतं ते शेवटचं, कारण कांजिण्यांची लस आपल्याकडच्या सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही. ही गोष्ट मार्चमध्ये लक्षात यावी. ऑगस्टमध्ये डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही.

हे सगळं जमलं की मग अभ्यास. त्याच्यासाठीच तर हा अट्टाहास.

राज्याची परीक्षा तिसरीपासून असते. म्हणजे किंडर ते पाचवीच्या शाळेत सहा इयत्ता, त्यातल्या तीनच मोजल्या जातात. नवी चार्टर शाळा बहुतेक वेळा किंडर आणि पहिलीपासून सुरू होते आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवते, त्यामुळे पहिली दोन वर्षं तिचा निकालच नसतो. ही शाळेची सर्वांत सुखाची वर्षं. मुख्याध्यापक 'आमचा डेटा फार आश्वासक आहे' म्हणतात आणि कोणाला काही विचारता येत नाही.

निकाल आला की तो रंगात येतो. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. लाल सर्वांत वाईट, निळा सर्वांत उत्तम. गुणांचे आकडे दोन हजारांच्या घरातले. तिसरीच्या गणितात २४३६ मिळाले की मूल 'इयत्तेच्या पातळीवर', चौथीला २४८५, पाचवीला २५२८. शाळेतली सगळी मुलं या रेषेच्या सरासरी किती वर किंवा खाली आहेत ते मोजायचं, त्यात गेल्या वर्षीपेक्षा किती फरक पडला ते मिसळायचं, आणि मग रंग ठरतो. त्यामुळे रेषेच्या बरीच खाली असलेली पण जोरात चढणारी शाळा पिवळी दिसू शकते, आणि रेषेच्या वर असलेली पण यंदा घसरलेली शाळाही पिवळीच दिसू शकते. दोघींच्या पालकसभा बघा. एकीत पेढे, दुसरीत सुतकी चेहरे, रंग एकच. परीक्षा दिलेल्या गटात ३० पेक्षा कमी मुलं असतील तर रंग मिळतच नाही. ११ पेक्षा कमी असतील तर आकडाही झाकला जातो. छोट्या शाळेत एका इयत्तेची जेमतेम ४८ मुलं. त्यातली पाच हुशार मुलं बापांच्या नोकरीपायी टेक्सासला गेली की गणिताची सरासरी कळण्याइतकी खाली येते आणि मुख्याध्यापक 'नवीन अभ्यासक्रमाचं संक्रमण' या विषयावर बोलू लागतात.

खरं सांगायचं तर सरासरी गुणांवरून मुलांच्या घरची मिळकत आणि आई-बापांचं शिक्षण जितकं कळतं तितकं शाळेतलं शिकवणं कळत नाही. ज्या शाळेत निम्मे पालक इंजिनिअर आहेत तिथे मुख्याध्यापकांनी वर्षभर झोप काढली तरी रंग हिरवा राहील. म्हणून बघायची ती प्रगती. तिसरीत होती तीच मुलं चौथीत कुठे आहेत, आणि दरम्यान किती जण सोडून गेले. माहितीसभेत हात वर करून हे दोनच प्रश्न विचारावेत. सभा लवकर संपते.

चार्टर शाळांत मुलं जास्त शिकतात का, यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातलं क्रेडो हे केंद्र अनेक वर्षं आकडे काढतंय. त्यांच्या २००९ च्या अहवालात गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांना सरस, ३७ टक्के त्यांच्यापेक्षा मागे, बाकीच्या तितपतच. २०२३ च्या अहवालात चित्र सुधारलं: चार्टरची मुलं सरासरीने वर्षाला वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे. सहा दिवस! एवढ्यासाठी आपण रोज पंचवीस मिनिटं उलट्या दिशेने गाडी हाकतो. पूर्ण ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळांची मुलं मात्र त्याच अहवालात गणितात १२४ दिवस मागे होती, तेव्हा घरबसल्या शाळेचा मोह कोणाला होत असेल तर त्याने तो आवरावा.

यापुढचा घोळ प्रगतिपुस्तकाचा. त्यात टक्के नसतात, नंबर नसतो. प्रत्येक कौशल्यापुढे १ ते ४ मधला एक आकडा. ३ म्हणजे इयत्तेत जे यायला हवं ते येतं. पूर्ण येतं. पण आपल्या डोक्यातलं यंत्र चारपैकी तीनचे ताबडतोब ७५ टक्के करतं आणि घरात पंचाहत्तर टक्क्यांचं वातावरण तयार होतं. त्यातून पहिल्या ट्रायमेस्टरला, म्हणजे वर्षाच्या पहिल्या तिमाही सत्राला, बहुतेकांना २ मिळतात, कारण मोजपट्टी वर्षअखेरची आहे आणि तारीख नोव्हेंबरची. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजीने विचारलं, "नंबर कितवा आला गं?" तर 'इथे नंबर नसतात' हे उत्तर चालत नाही. तिच्या मते नंबर असतो, आपण लपवतोय.

पर्सेंटाइलचंही तेच. मॅप नावाची कॉम्प्युटरवरची चाचणी बऱ्याच शाळा वर्षातून तीनदा घेतात. त्यात ७२ वा पर्सेंटाइल म्हणजे देशभरातल्या त्याच इयत्तेच्या शंभरातल्या साधारण ७२ मुलांपेक्षा पुढे. त्याचा शंभरपैकी ७२ मार्कांशी संबंध नाही. शिवाय ही चाचणी उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड करते आणि चुकलं की सोपा. त्यामुळे दुसरीतल्या हुशार मुलीचेही जवळपास निम्मे प्रश्न चुकतातच, ते तसेच ठरलेले असतात. 'वीस चुकले' हे तिच्या तोंडून ऐकून त्याच संध्याकाळी कुमॉनच्या शिकवणीला फोन करू नये.

शिक्षकांशी भेट वीस मिनिटांची. त्यातली बारा मिनिटं मूल किती गोड आहे यात जातात, आणि आपणही ती जाऊ देतो, कारण आपल्या लहानपणी शिक्षकांनी आई-वडिलांना बोलावलं तर गोड ऐकायला बोलावत नसत. उरलेल्या आठ मिनिटांत एवढंच विचारावं: कुठल्या कौशल्यात २ आहे, आणि त्यासाठी वर्गात काय चाललंय. 'वाचनाचा छोटा गट, आठवड्यातून तीनदा' असं ठोस उत्तर आलं तर शाळा बरी. 'आम्ही लक्ष ठेवून आहोत' असं आलं तर लक्ष तुम्ही ठेवा.

शाळा पालकांकडून वर्षाला तीस-चाळीस तास काम 'सुचवते'. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार हे सक्तीचं करता येत नाही. तास भरले नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मुलाला काढताही येत नाही. तरीही ऑफिसबाहेर सगळ्या कुटुंबांच्या तासांचा तक्ता लावलेला असला की कायदा आठवत नाही, शेजारच्यांचे ३८ तास तेवढे दिसतात. वर्गात काम करण्याआधी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि क्षयरोगाची प्रश्नावली भरावी लागते. क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्म झाला का, या प्रश्नाला आपण 'हो' म्हणतो आणि चाचणीला पाठवले जातो. इथे एक मोलाचा सल्ला: रक्ताची चाचणी मागा. हातावर सुई टोचून करतात ती चाचणी आपल्या दंडावरच्या बीसीजीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग दुसरीच्या वर्गात पुठ्ठे कापायला मिळावेत म्हणून छातीचा एक्स-रे काढावा लागतो.

बस नसते. बहुतेक चार्टर शाळा बसचा खर्च करत नाहीत, म्हणून आहे ती कारलाइन. अडीचला शाळा सुटणार तर दोनला रांगेत. काचेवर नंबराचं कार्ड, गाडीतून उतरायचं नाही, मूल फक्त फुटपाथच्या बाजूने, म्हणजे उजव्या दाराने, आत येणार. आठ वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर बूस्टर, म्हणजे उंच करणारी बैठक, लागतं. ते डावीकडे बसवलेलं असेल तर मूल दप्तर, डबा आणि पुठ्ठ्याचा ज्वालामुखी घेऊन आडवं सरकतं आणि मागच्या चाळीस गाड्या थांबतात. बूस्टर उजवीकडेच बसवावं. भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना नातवाला घ्यायला आणण्याचा उत्साह निदान पहिल्या आठवड्यात टाळावा. आजी उजवीकडेच बसतात, आणि नातू दिसला की त्या उतरतात. वॉकी-टॉकीवाल्या बाईंना हे नियमात बसवता येत नाही.

आजी-आजोबांकडे आपण जायचं म्हटलं तर वेगळं संकट. शाळेला पैसे पटावर नव्हे, रोजच्या हजेरीवर मिळतात. शिवाय वर्षाच्या दहा टक्के दिवस गैरहजर राहिलेलं मूल 'कायम गैरहजर' गणलं जातं, आणि हेही शाळेच्या रंगात मोजलं जातं. १८० दिवसांची शाळा असेल तर १८ दिवस. डिसेंबरच्या सुट्टीला मागेपुढे दोन आठवडे जोडले की दहा गेले, आणि ताप, सर्दी, पोटदुखी अजून बाकी. आजारपणाची चिठ्ठी दिली तरी दिवस मोजला जातोच. उपाय म्हणजे 'इंडिपेंडंट स्टडी'चा करार, पण त्यावर सही करावी लागते आणि दिलेला अभ्यास पूर्ण करून आणावा लागतो. मामाच्या लग्नात हळद चालू असताना कोपऱ्यात बसून वजाबाकी करणारं मूल दिसलं तर ते अमेरिकेतल्या चार्टर शाळेचं आहे असं समजावं. नवरदेवापेक्षा त्याच्यावर जबाबदारी जास्त आहे.

परवानगीचं नूतनीकरण आलं की सगळे पालक एका रंगाचे टी-शर्ट घालून सुनावणीला जातात. २०१९ च्या कायद्याने शाळांचे तीन गट केले आहेत: उत्तम निकालवाल्यांना पाच ते सात वर्षं, मधल्यांना पाच, आणि तळाच्यांना मिळालीच तर दोन. पालकांना बोलायला बहुधा दोन मिनिटं मिळतात. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, माईकसमोर उभं राहायचं, लाल दिवा लागला की थांबायचं. मात्र याच राज्याच्या कायद्यात एक सोय आहे: दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावाच लागतो. म्हणजे मराठीत बोललं तर चार मिनिटं. मी हे आमच्या पालकांच्या ग्रुपवर सुचवलं. पण दुभाष्याचा वेळ वजा केला तर दोनच मिनिटं उरतात, आणि तेवढ्यात आपल्या माणसाचं 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर' एवढंच कसंबसं उरकतं.