अर्जाची झेरॉक्स

आज दुपारी एका मुलीचा फोन आला. नर्सिंगचा जीएनएम कोर्स झालेली, चोवीस-पंचवीसची, तालुक्याच्या गावी खासगी हॉस्पिटलात लागलेली. "ताई, डॉक्टरांविरुद्ध नाव न घालता मेडिकल कौन्सिलला अर्ज केला तर चालतो का?" एवढं विचारलं आणि रडायलाच लागली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

बारा वर्षांपूर्वी मी नाव घालून अर्ज केला होता. मी नर्स होते त्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञांना न बोलावताच सिझर व्हायची आणि ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, रजिस्टरला मात्र त्यांचं नाव पडायचं. मी तारखांसकट लिहिलं. खाली सही, रजिस्ट्रेशन नंबर, घरचा पत्ता. तीन आठवड्यांनी हॉस्पिटलच्या डॉक्टर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझ्याच अर्जाची झेरॉक्स होती. सर ओरडले नाहीत. "सिस्टर, मुलगा कितवीला आहे?" एवढंच विचारलं.

महिनाअखेरीस नोकरी गेली. अनुभवाचा दाखला मिळाला नाही. वर माझ्याच रजिस्ट्रेशनवर उलटी तक्रार, औषधांच्या हिशेबात गोंधळ केल्याची. त्यांची चौकशी राहिली बाजूला, तारखांना फेऱ्या मी मारल्या.

डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की व्यवसायबंधूंचं गैरवर्तन न घाबरता उघड करावं. न घाबरता! ज्याचा स्वतःचा दवाखाना आहे त्याला जमेल. जिची ड्युटी, पगार, दाखला सगळं त्याच माणसाच्या हातात आहे तिने कशाच्या जोरावर न घाबरायचं? आणि घाबरून निनावी लिहिलं की शेरा पडतो, 'दप्तरी दाखल'. विषय संपला.

महामार्ग प्राधिकरणातले इंजिनियर सत्येंद्र दुबे आठवतात का? महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलांवर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला बिहारमधल्या गयेत त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर २०१४ साली जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने केला, तो अजून लागूच केलेला नाही. लागू झाला तरी तो सरकारी नोकरांविरुद्धच्या तक्रारींसाठी, खासगी हॉस्पिटलातल्या सिस्टरला त्याचा काय उपयोग? त्यातही नाव न दिलेल्या तक्रारीची दखल नाहीच.

खोटे निनावी अर्ज होतात, मान्य. एका चांगल्या बालरोगतज्ज्ञांना अशा अर्जांनी वर्षभर छळलेलं मी पाहिलंय. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप कळायलाच हवा, हेही मान्य. पण आरोप कळणं वेगळं आणि आरोप करणारीचं घर कळणं वेगळं.

माझ्या अर्जातलं सगळं रजिस्टरमध्ये होतं हो. त्या तारखांना भूलतज्ज्ञ कुठल्या दुसऱ्या ओटीत होते, एवढं तपासलं असतं तरी पुरे होतं. त्यासाठी माझी सही कशाला लागत होती?

सर आता थकलेत. परवा बाजारात दिसले, मीच वळून दुसऱ्या गल्लीत शिरले. बारा वर्षांनीही पाय आपोआप वळले, याचं फार वाईट वाटलं.

त्या पोरीला मी अजून 'कर' म्हटलेलं नाही, 'करू नको'ही म्हटलेलं नाही. तारखा वहीत लिहून ठेव आणि वही घरी ठेव, एवढं सांगितलं. रात्री पुन्हा फोन करणार आहे. कौन्सिलची प्रकरणं चालवलेले कोणी वकील ओळखीत असतील तर इनबॉक्समध्ये नंबर द्या. तिचं नाव, गाव मात्र कोणी विचारू नका.