काय सापडलं का?

मशीन चालू केल्यापासून पहिला माणूस जवळ येऊन उभा राहीपर्यंत किती वेळ जातो ते मी एकदा घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटं. तेही डिसेंबरातल्या रविवारी सकाळी साडेसहाला, जेव्हा अर्धं नाशिक गोधडीत असतं आणि उरलेलं अर्धं कानटोपी घालून मिसळीकडे निघालेलं असतं.

मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. एक काठी, खाली ताटलीएवढी कॉइल, वर छोटासा स्क्रीन आणि कानाला हेडफोन. ऑनलाइन मागवलं, घरी किंमत निम्मी सांगितली, तरी बायको म्हणाली एवढ्यात तर नवा मिक्सर आला असता. आणि जागा म्हणजे आनंदवल्लीच्या पुढे मित्राच्या भावाचा रिकामा एनए प्लॉट, त्याला विचारून, खड्डे बुजवायच्या बोलीवर. पण प्लॉटला कंपाउंड नाही, एका बाजूला वॉकिंगवाल्यांचा रस्ता, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी, त्यामुळे जागा खाजगी असली तरी कार्यक्रम सार्वजनिकच होतो. "इथं कशाला झक मारताय, पांडवलेणीला जा ना" असं सांगणारा रोज एकतरी भेटतो. अहो तिथं जायचंच नसतं, संरक्षित स्मारक आहे ते, तिथं हे घेऊन फिरलो तर परतीचा प्रवास पोलिसांच्या गाडीतून.

तर पहिला प्रश्न ठरलेला. "काय हरवलं का?"

सुरुवातीला मी खरं सांगायचो की काही नाही, छंद आहे. कोणाला पटायचं नाही. आपल्याकडे छंद म्हणजे ट्रेकिंग, सायकल, फार तर कराओके. पंचेचाळीस वर्षांचा माणूस गुडघ्यावर बसून खुरप्याने माती उकरतोय आणि म्हणतोय छंद आहे, म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय असाच चेहरा करून लोक पुढे जायचे. मग एकदा वैतागून म्हणलं, हो, अंगठी हरवली. संपलं. वॉकिंगच्या ग्रुपमधल्या चार बायका चपला काढून प्लॉटमध्ये उतरल्या. किती ग्रॅमची, लग्नातली का, बायकोला सांगितलं का, आणि तुम्ही या प्लॉटात कशाला आला होता मुळात, याचं तर मला उत्तरच देता येईना. पुढच्या रविवारी सगळ्यांचा एकच प्रश्न, सापडली का? त्याच्या पुढच्या रविवारी पण. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, म्हणला राहू द्या, आधीच तुमचं नुकसान झालंय. एक मावशी म्हणाल्या नवश्या गणपती हा काय इथंच आहे, बोलून टाका, लगेच सापडेल. नसलेल्या अंगठीचा नवस बोलायचा आणि ती सापडली तर फेडायचा कशाने, या विचाराने मी तो विषय तिथंच सोडला आणि महिनाभर उजव्या हाताची खरी अंगठी खिशात ठेवून फिरलो.

दुसरी जमात प्लॉटवाल्यांची. यांना वाटतं मी मोजणीचा माणूस. "साहेब, इथून रस्ता जाणारे का?" सिंहस्थ तोंडावर आल्यापासून नाशकात कोणी नुसती टेप हातात घेऊन उभा राहिला तरी लोकांना त्यात रिंगरोड दिसतो. मी नाही म्हणलो तर ते आणखी हळू आवाजात विचारतात, म्हणजे त्यांना वाटतं आहे पण सांगायची परवानगी नाही. एकाने तर माझा नंबर मागितला. मी कॉइल डावीकडे फिरवली की तो डावीकडे बघायचा, उजवीकडे फिरवली की उजवीकडे, आणि मी एका जागी थांबून खुरपं मारलं तेव्हा मोबाईल काढून कोणाला तरी म्हणला, "अरे फिक्स झालं वाटतं, खुणा करून राहिले." त्या खुणेतून निघालं काय तर घोड्याचा नाल पण नाही, नालाचा खिळा.

पण मला सगळ्यात जास्त आवडतात ती गुप्तधनवाली माणसं. यांचं पहिलं वाक्य कधीच प्रश्न नसतं. आधी इकडे तिकडे बघणार, मग जवळ येणार आणि म्हणणार, "आमच्या शेतात एक जागा आहे." नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या बागा जास्त की पणजोबांनी पुरून ठेवलेले हंडे जास्त हे एकदा कोणीतरी मोजायला पाहिजे. प्रत्येक हंड्यावर नाग बसलेला असतो आणि प्रत्येक नाग कोणाच्या तरी चुलत काकाला दिसलेला असतो. आणि पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणे. एक आजी काठी टेकत आल्या, मशीनकडे बघितलंच नाही, माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "पायाळू आहेस का रे?" म्हणलं नाही आजी, डोक्याकडूनच आलो. "मग या दांडक्याने काय दिसणारे तुला," असं म्हणून निघून पण गेल्या. माझ्या मशीनचा इतका सरळ रिव्ह्यू अजून कोणी दिलेला नाही.

बरं, यांना एकदम हसता पण येत नाही. जोगलटेंभी इथून काही फार लांब नाही. तिथं १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी सापडली, एकदोन नाही, तेरा हजारांवर, आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला. म्हणजे आधीच्या राजाला हरवायचं आणि त्याचीच नाणी आपल्या नावाने फिरवायची, वितळवायचा खर्च पण नाही. नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा प्रेस आहे, पण पैशावर छाप मारायचा उद्योग या भागाला त्याच्या कितीतरी आधीपासून माहिती होता. हे मी एकदा टपरीवर सांगितलं आणि चूक केली, कारण तेव्हापासून टपरीवाला येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतो, "साहेबांना तेरा हजार सापडलेत."

खरी परिस्थिती काय आहे ते सांगतो. कॉइल जमिनीत चुंबकीय लहरी सोडते, खाली धातू असला तर तो उलट उत्तर देतो, त्यावरून मशीन आकडा दाखवतं. लोखंड असेल तर घोगरा आवाज, तांबं चांदी असेल तर मंजुळ. प्रॉब्लेम मधल्या आवाजाचा. बारीक सोन्याचा आकडा आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलचा आकडा जवळपास सारखाच येतो, त्यामुळे सोन्याच्या आशेने प्रत्येक फॉइल उकरावीच लागते. आणि हे गाव मिसळीचं. तर्री मारून मिसळ खाणाऱ्या गावात मातीखाली काय सापडणार? ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं. एका सकाळी नऊ निघाली. प्रत्येक वेळी हृदय धडधडतं, प्रत्येक वेळी मागे उभे असलेले लोक श्वास रोखतात, आणि प्रत्येक वेळी मी चुरगळलेली चांदी वर धरतो. मागून आवाज येतो, "जेवणानंतर घ्यायची का हो?"

आणि गंमत म्हणजे हल्लीची एक रुपयाची नाणी स्टीलची. मशीनला तो खिळाच वाटतो. रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात टाकतात आणि नाणी खेचून काढतात ना, ती याच कारणाने चिकटतात. त्यातल्या एका पोराने मला घाटावर विचारलं होतं, तुमचं मशीन कितीचं? सांगितलं. त्याने हातातल्या चुंबकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काहीच बोलला नाही, शिकलेला नसून किती सभ्य.

आता तलाठीकाका. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून प्लॉटकडे सातबारा बघितल्यासारखेच बघतात. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठं, कोणत्या तारखेला, आणि वस्तू सरकारी ट्रेझरीत जमा करायची नाहीतर जामीन द्यायचा. दहा रुपये! म्हणलं काका ते तेव्हाचे दहा. "कायद्यात तेव्हाचे आत्ताचे असं लिहिलेलं नसतं," काका म्हणाले. मला काय फरक पडत होता, आतापर्यंतची माझी टोटल म्हणजे वीस पैशाची दोन षटकोनी आणि दहा पैशाची तीन झालरवाली, सगळी बाद झालेली, ट्रेझरीवाले पण घेणार नाहीत.

गेल्या रविवारी मात्र छान आवाज आला. गोळीच्या पाकिटाचा नाही, वेगळा, स्वच्छ. नेहमीचे सातआठ जण होतेच, टपरीवाला गॅस बारीक करून आला. खुरप्याने मातीचं ढेकूळ उचललं, हातावर फोडलं, आत दहा रुपयाचं नाणं, दोन धातूंचं, मधे पांढरं कडेला पिवळं. टाळ्या. मी पण जरा वाकून नमस्कार वगैरे केला. दहापेक्षा जास्त नाही, बरोबर दहा, काकांनी पण मान डोलावली. तेवढ्यात ढेकळाचा उरलेला अर्धा भाग टपरीवाल्याच्या पायावर फुटला आणि त्यातून एक रुपयाचं नाणं घरंगळत बाहेर आलं. मशीनने त्याला खिळा समजून दाबलं होतं.

सगळे काकांकडे बघायला लागले.

"अकरा झाले," काका म्हणाले.

मग जी चर्चा सुरू झाली ती विचारू नका. एक जण म्हणे दोन वेगवेगळ्या वस्तू धरा. दुसरा म्हणे एकाच ढेकळात होत्या, एकच निधी. कोणीतरी म्हणालं हे कोणाच्या तरी खिशातून पडलेलं आहे, पुरलेलं नाही, तर काका म्हणाले ते ठरवणार कोण, तुम्ही? प्लॉट दुसऱ्याचा म्हणजे त्याचा पण हिस्सा आला. मी मनात सीबीएस बसस्टँडपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत चालत जाऊन अकरा रुपयांची आवक नोंदवताना समोरच्या क्लार्कचा चेहरा बघत होतो. शेवटी टपरीवालाच म्हणला, "काय भो, सोप्पंय. एक रुपया परत पुरा. कशाला लफड्यात पडता?"

काका काही बोलले नाहीत, चष्मा पुसायला लागले. म्हणजे हरकत नव्हती.

लोक पांगले. मी परत गुडघ्यावर बसलो, खड्डा जरा खोल केला, तो रुपया आत ठेवला, वरून माती ओढली आणि हाताने नीट थापली. मान वर केली तर रस्त्यावर एक नवीन बाई उभ्या. आधी कधी बघितलेल्या नाहीत, हातात पिशवी, पिशवीत भाजी, भाजीवर लिंबं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताज्या थापलेल्या मातीकडे बघितलं, दोन पावलं मागे सरकल्या आणि ओरडून विचारलं,

"ओ, काय पुरलं तिथं?"