एकोणतिसावा रोजा, मांडवीचा कठडा

खजूर तोंडात टाकला तेव्हा सूर्य नुकताच पाण्याखाली गेला होता. मगरीबची नमाज पढून आम्ही ईदचा चाँद बघायला परत रत्नागिरीतल्या मांडवीच्या कठड्यावर आलो, पण पश्चिमेला सगळं धूसर. चाँद दिसला तर उद्या ईद, नाहीतर तिसावा रोजा. डोळे ताणताणून बघितलं, काही नाही. इक्बालनं मात्र एकदाही वर बघितलं नाही. तो मोबाइलमध्ये बघत होता.

"जेद्दाहून मेसेज आलाय. तिकडे आज ईद झाली. म्हणजे आपण आज ईदच्या दिवशी रोजा धरला!"

हे तो दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी मला राग येतो. रशीदचाचा शांत होते. पंचवीस वर्षं बोटीवर सारंग होते ते, आभाळ त्यांना पाठ आहे.

"मक्केत सूर्य आपल्या मागून सवादोन तासांनी बुडतो. आत्ता तिकडे उजेड आहे. मग तू खजूर कसा खाल्लास रे? चाँद त्यांचा आणि सूर्य आपला?"

"ते वेगळं, चाचा. सगळ्या मुसलमानांची उम्मत एक, चाँद एक. हनफी परंपरेच्या किताबांत आहे, एका शहरानं बघितला की सगळ्यांना लागू."

आहे तसं. जुना हनफी फतवा हाच आहे, हे मान्य करायला हवं. पण आम्ही कोकणी शाफई, शरियतच्या दुसऱ्या परंपरेचे. आमच्याकडे मतला, म्हणजे चंद्र जिथून दिसतो ते क्षितिज, ठिकाणाप्रमाणे वेगळं धरतात. मुस्लिम शरीफ या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या शिकवणीच्या नोंदींच्या, संग्रहातली कुरैबची हदीस मी सांगितली. कुरैब शामहून, म्हणजे सीरियातून, मदिनेला आले आणि म्हणाले, आम्ही तिकडे शुक्रवारी रात्री चाँद बघितला. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्ने अब्बास म्हणाले, आम्ही शनिवारी रात्री बघितला, आम्ही आमचे तीस पूर्ण करू, नाहीतर चाँद बघून सोडू. मुआविया तिकडचे हाकिम, त्यांनीही बघितला होता. ते पुरे नाही का, असं कुरैबनी विचारलं. नाही, रसूलुल्लाहनी आम्हाला असंच सांगितलंय, हे इब्ने अब्बासांचं उत्तर.

"त्या वेळी मोबाइल कुठे होता?" इक्बाल.

"मोबाइल नव्हता, पण कुरैब होता की," चाचा म्हणाले. "खबर पोचली होती. तरी नाही घेतली."

यावर इक्बालला काही सुचलं नाही, म्हणून त्यानं विन्याला मध्ये ओढलं. "तूच सांग, तुमच्याकडे कालनिर्णय बघून ठरतं ना सगळं? आमच्याकडेच का ही रखडपट्टी?"

विन्या बोहरी शेठच्या दुकानात कामाला. "आमच्या शेठची ईद कधीच झाली. त्यांचा रमजान कायम तीसचा, पंचांगातला. भांडण नाही, तंटा नाही. आणि कालनिर्णयाचं म्हणशील तर एकादशी दोनदा येते कधी कधी, स्मार्त वेगळी आणि भागवत वेगळी. आमची आजी संकष्टीला मुंबईची वेळ बघायची नाही, रत्नागिरीची बघायची. ढग असले तर छापलेल्या वेळेला आभाळाकडे हात जोडून जेवायची."

"बघा! गणित चालतं!"

"संकष्टीला चंद्र उगवणारच असतो, प्रश्न फक्त किती वाजता," चाचा म्हणाले. "आपला प्रश्न आहे, आज दिसणार की नाही. अमावास्या संपून पंधरा तासही झाले नसतील तर नुसत्या डोळ्यांनी जवळपास अशक्य. चंद्र सूर्यापासून दोन तासांत एक अंश सरकतो, म्हणून पश्चिमेकडच्यांना आधी सापडतो. यात कुणाचं ईमान कमीजास्त नाही."

चाचांचं मला हेच पटतं. ते गणिताला हाकलत नाहीत. चौदाव्या शतकात तकीउद्दीन सुबकींनी, आपल्याच शाफई इमामांनी, लिहून ठेवलंय की हिशेबानं चाँद दिसणं अशक्य असेल तर साक्ष घेऊ नये. खोटा साक्षीदार पकडायला गणित, महिना उघडायला डोळा. तुर्कस्तानानं सगळंच गणितावर सोपवलं, त्यांचा तो मार्ग. पण एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळं गाव मिळून वर बघतं, ते मला सोडायचं नाही.

अन्वर एवढा वेळ भजी संपवत होता. तो दुबईत लिफ्टचं काम करायचा. "बुर्ज खलिफात ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी इफ्तार दोन मिनिटं उशिरा करायचा, दीडशेच्या वर तीन मिनिटं. तिथल्या मुफ्तींनी 2011 मध्ये सांगितलं. वरून सूर्य दिसत असतो ना!"

"एका इमारतीत तीन इफ्तार," चाचा इक्बालकडे वळले, "आणि तुला दुनियेला एक चाँद हवा."

मला मात्र हसू येईना. आमच्या मोहल्ल्यात एका वर्षी दोन मशिदींच्या दोन ईद झाल्या होत्या. आमच्या घरी ईद, समोरच्या खालाकडे रोजा. ईदच्या दिवशी रोजा हराम आणि रमजानचा रोजा सोडणंही गुन्हा, म्हणजे गल्लीतलं एक घर तर चुकत होतंच. अम्मीनं शीरखुर्म्याचं पातेलं दिवसभर झाकून ठेवलं, खालाच्या घरी वास जाऊ नये म्हणून. "रोजा तो, ज्या दिवशी तुम्ही सगळे रोजा धरता; ईद ती, ज्या दिवशी तुम्ही सगळे ईद करता," ही तिर्मिझीतली हदीस मला त्या पातेल्यामुळे समजली. मी हे बोललो तेव्हा इक्बालही गप्प झाला.

"म्हणून तर म्हणतो, एक चाँद," तो हळूच म्हणाला.

"एक कर की. पण इथल्यांबरोबर," चाचा म्हणाले. "तू जेद्दाहून रमजानात आलास त्या वर्षी तुझे तीस झाले आणि इथे एकोणतीस. इथे चाँद दिसला नाही. हुकूम काय? जिथे आहेस तिथल्यांबरोबर, एकतीस झाले तरी. मग एकतिसाव्या दिवशी एसटी स्टँडच्या मागे भजी कोण खात होतं?"

"माझी ईद झाली होती!"

"ईदला माणूस नवे कपडे घालतो. भजीची पुडी शर्टात लपवत नाही."

अन्वरच्या हातातली भजी खाली पडली. विन्या कठड्यावर आडवा. इक्बाल आधी चिडला, मग तोही फुटला. "तेल किती लागलं होतं शर्टाला!" असं त्यानंच कबूल केलं, आणि मग मीही थांबू शकलो नाही.

मशिदीचा भोंगा खरखरला तेव्हा आमच्या आवाजात पहिले शब्द कुणाला ऐकूच आले नाहीत.

"काय म्हणाले? दिसला?" विन्या विचारत होता. "अरे गप्प बसा, मला उद्या शेठकडे रजा टाकायचीय!"