पिशवीची प्रत्यक्ष पडताळणी

गेल्या मंगळवारी रात्री आठच्या सुमारास, वळवाच्या पावसाने वीज गेलेली असताना, आमच्या इमारतीच्या जिन्यात माझी आपत्कालीन पिशवी सात कुटुंबांच्या समक्ष उघडण्यात आली आणि तिच्यातील प्रत्येक वस्तूचा जाहीर पंचनामा झाला. त्याला आता सहा दिवस उलटले आहेत. मी शांत झालो आहे, असे घरातले सगळे म्हणतात. मी झालेलो नाही.

पिशवी का, हे सांगलीकरांना सांगावे लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही गावभागात तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे इथे मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पाणी उंबऱ्याला लागल्यावर घाईघाईत घराबाहेर पडताना मी जे उचलले, ते मारुती चौकाच्या पुढे गेल्यावर उजेडात पाहिले, तर हातात टीव्हीचा रिमोट होता. टीव्ही घरीच होता. आठवड्याने परतलो तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत येऊन बैठकीच्या खोलीत उताणा पडलेला होता, आणि शेगडीपासून देव्हाऱ्यापर्यंत सर्व वस्तूंवर बोटभर जाडीचा, मेलेल्या माशासारखा वास येणारा चिखल होता. पुढे पंचनाम्याच्या वेळी पासबुकाची झेरॉक्स मागितली गेली. माझे पासबुक हातात धरले, तर पाने सुटून लगद्यासारखे खाली पडले. त्या दिवशी मी पिशवी भरायची ठरवली, आणि भाड्याचे घर सोडून दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो.

असो. मुद्दा तात्यांचा आहे.

तात्या पहिल्या मजल्यावर राहतात. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक म्हणून त्यांनी हयात घालवली आणि निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, पण लेखापरीक्षण त्यांच्यातून निवृत्त झाले नाही. भाजीवाल्याकडून घेतलेल्या मेथीच्या जुडीतल्या काड्या मोजताना मी त्यांना पाहिलेले आहे. मंगळवारी वीज गेल्यावर उकाड्यामुळे सगळे जिन्यात येऊन बसले होते आणि प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलचा दिवा लागलेला होता, म्हणजे वास्तविक उजेडाची काही अडचण नव्हती. तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी, कोणी विचारलेले नसताना, "आमच्या बाबांची पुराची पिशवी आहे, त्यात टॉर्च आहे," असे जाहीर केले. तात्या ताठ बसले.

"आणा की ओ ती पिशवी. बघूया तरी साठा किती आहे."

मी आणली. याचा मला आजही पश्चात्ताप होतो. आणताना मनात थोडा अभिमान होता, हे मान्य केले पाहिजे, आणि त्या अभिमानाचीच शिक्षा मला पुढचा पाऊण तास मिळाली.

"साठा नोंदवही?" तात्यांनी पहिला प्रश्न विचारला. नोंदवही नाही म्हटल्यावर त्यांनी नातवाकडून चौरेघी वही मागवली, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर तारीख घातली.

टॉर्च लागला नाही. मागचे झाकण उघडले तेव्हा सेलांमधून पाझरून सुकलेली पांढरी पूड तात्यांच्या लेंग्यावर सांडली आणि स्प्रिंग गंजून झाकणाला चिकटलेली दिसली. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवायचे नसतात, शेजारी वेगळे बांधून ठेवायचे असतात, ही अक्कल मला त्या क्षणी आली. "खरेदी २०१९, वापर शून्य," तात्या लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. "निष्फळ खर्च." सहा मेणबत्त्या होत्या. माळ्यावरच्या सहा उन्हाळ्यांनी त्या एकमेकींत विरघळून त्यांची एकच आडवी, वाकडी मेणबत्ती झाली होती आणि तिला सहा वाती होत्या. "एकत्रीकरण," तात्या म्हणाले. "मंजुरी कुणाची?"

लोक हसले. मीही हसलो, कारण न हसणे अधिक वाईट दिसले असते.

मग शिट्टी निघाली. ढिगाऱ्याखाली किंवा पाण्याने वेढलेल्या घरात अडकलेल्या माणसाने ओरडून घसा बसवण्यापेक्षा शिट्टी वाजवावी, तिचा आवाज लांब जातो आणि दम कमी लागतो, हे मी समजावून सांगितले. हे खरे आहे आणि आजही माझे तेच मत आहे. "वाजवा," तात्या म्हणाले. मी वाजवली. बंद जिन्यात तो आवाज इतका घुमला की खालचे कुत्रे भुंकू लागले, आणि अर्ध्या मिनिटात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या एकट्याच घरात बसून होत्या, अंधारात चाचपडत दोन डबे घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "आज रात्रीची आली होय घंटागाडी? ओला आधी घेताय की सुका?" आमच्याकडे कचरा नेणारा मनुष्य रोज सकाळी शिट्टी वाजवतो. सहा वर्षे जपून ठेवलेल्या माझ्या जीवरक्षक साधनाला पहिल्याच वापरात बटाट्याच्या साली मिळाल्या.

यानंतर जमावावरचा माझा ताबा सुटला. तात्यांनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक लॅमिनेट केलेले कार्ड काढले. त्यावर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, तातडीचा ११२ आणि विश्रामबागेतल्या मेहुण्याचा, असे क्रमांक मी सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते.

"हे फोनमध्ये नाहीत?"

"आहेत. पण फोन बंद पडला तर हाताशी असावेत म्हणून कागदावर घेतले."

"बरं. फोन बंद पडला. कागद हातात आहे. आता लावा फोन."

दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून लावता येतो, हे उत्तर मला रात्री साडेअकराला, अंथरुणावर पडल्यावर सुचले. तोपर्यंत वहीत "उद्देश अस्पष्ट" अशी नोंद होऊन गेली होती.

मेहुण्याच्या क्रमांकावर मात्र कोणी आक्षेप घेतला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुराच्या बाबतीत सांगलीत सर्वांत टिकाऊ, मुदत न संपणारी आणि सेल न लागणारी सामग्री म्हणजे विश्रामबागेसारख्या उंचावरच्या भागात राहणारा नातेवाईक. एरवी ज्यांच्या घरी बारशालासुद्धा आपण दहा मिनिटे बसत नाही, त्यांची आठवण कोयनेतून किती क्युसेक सोडले याची बातमी आली की दाटून येते. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा वाढू लागले तेव्हा आम्ही वेळेत मेहुण्याकडे गेलो. चार दिवस राहिलो. पिशवी घरीच माळ्यावर राहिली. ही गोष्ट मी आजवर बाहेर कोणाला सांगितली नव्हती. मंगळवारी ती पत्नीने सांगितली. तात्यांनी वहीत काही लिहिले नाही, नुसते माझ्याकडे पाहिले, आणि ते लिहिण्यापेक्षा जास्त लागले.

रोख रकमेच्या पाकिटावर तर तात्यांनी कळस केला. पूर आला की वीज जाते, वीज गेली की मोबाइलचे टॉवर बंद पडतात, एटीएम बंद होतात आणि स्कॅन करून पैसे देण्याची आपली सवय एका तासात निरुपयोगी ठरते. म्हणून सुट्ट्या नोटा घरात हव्यात, हे मी २०१९ च्या अनुभवावरून ठरवले होते. पाकिटात दहा-दहाच्या नोटांचे बंडल असायला हवे होते. त्याऐवजी "दूध + रिक्षा, नंतर ठेवते" अशी पत्नीच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली आणि तिच्यामागे घडी न मोडलेली, गुलाबी रंगाची २,००० रुपयांची नोट.

जिन्यात शांतता पसरली. मग कोणीतरी "अय्या" म्हणाले.

"ही चलनातनं काढायचं जाहीर होऊन झाली की वर्षं," तात्या म्हणाले. "१९ मे २०२३. बँकेत बदलून घ्यायची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंत."

"कायद्याने ती अजून वैध चलन आहे," मी म्हणालो. हे बरोबरच आहे.

"आहे की. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त ती आता रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात बदलायची. म्हणजे पूर आला, पाणी जिन्यात आलं, तुम्ही पिशवी घेतली, की पहिलं बेलापूर गाठायचं."

"पोस्टानेही पाठवता येते."

"पुरात?"

मी हरलो. पण एक गोष्ट मी नोंदवून ठेवतो: २०१९ च्या त्या आठवड्यात जिन्यातल्या या सातही कुटुंबांपैकी एकाच्याही घरात सुटे पैसे, कागदपत्रांच्या प्रती किंवा चार दिवसांची औषधे एका जागी नव्हती, आणि आजही नाहीत. ज्याच्याकडे काहीच नाही त्याची पडताळणी होत नाही. ज्याने अर्धवट का होईना तयारी केली त्याचीच वही निघते. जे तयारी करतात त्यांना भित्रे म्हणायचे, आणि मग त्यांच्याचकडे काडेपेटी मागायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुरानंतर एका कार्यालयाकडून आम्हाला गुळगुळीत कागदावर छापलेले पत्रक मिळाले होते, ज्यात रेडिओ, टॉर्च, कोरडे अन्न, पाणी आणि "घाबरू नका" असे सगळे होते. फक्त पाणी दारात यायच्या किती तास आधी आम्हाला सांगितले जाईल, एवढी एक ओळ त्यात नव्हती. जबाबदारी पिशवीत कोंबून पिशवी नागरिकाच्या खांद्यावर दिली, की छापणाऱ्याचे काम संपते. माझा राग खरे तर त्या पत्रकावर आहे, पण पत्रक पहिल्या मजल्यावर राहत नाही, तात्या राहतात.

पडताळणीत एकच वस्तू निर्दोष सुटली, ती म्हणजे तीस फूट नायलॉनची दोरी. "दुसऱ्या मजल्यावरनं दोरीनं उतरणार होय तुम्ही? या पोटानिशी?" असे तात्या म्हणाले खरे, पण बोटीतून आलेल्या दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि औषधे लोक वरच्या मजल्यावरून दोरीला बादली बांधून ओढून घेत होते, हे त्यांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. ते क्षणभर गप्प झाले आणि वहीत "योग्य" असे लिहिले. तो शब्द त्यांना लिहिता येतो, हे मला ठाऊक नव्हते.

खाण्याचे तर न बोललेलेच बरे. कोरडा खाऊ म्हणून ठेवलेले भडंग चिरंजीवांनी केव्हाच संपवून रिकामे पाकीट घडी घालून परत ठेवलेले होते. बिस्किटांची मुदत संपलेली होती, ही गोष्ट तात्यांनी तीन बिस्किटे खाल्ल्यानंतर मोठ्याने वाचून दाखवली.

पावणेनऊला वीज आली. सगळे आपापल्या घरी पळाले आणि मी जिन्यात माझ्या निष्फळ खर्चासह एकटा उरलो.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी पुन्हा भरायला बसलो. तात्यांसाठी नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. या वेळी एकच कसोटी लावली: जी वस्तू वर्षभर माळ्यावर बसून राहणार ती मरणार, म्हणून घरात रोज जी फिरते तिचाच थोडा जादा साठा पिशवीत ठेवायचा आणि महिन्याला बदलायचा. पत्नीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची दहा दिवसांची पट्टी आधी पिशवीतली वापरायची आणि नवी तिच्या जागी ठेवायची. भडंग बाद, कारण ते आमच्या घरात टिकत नाही. त्याऐवजी बेदाणे आणि गूळ-शेंगदाणे. क्षार-साखरेच्या पुड्यांची मुदत संपली होती, पण एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा चमचा मीठ घातले की काम भागते, त्यामुळे तेवढे कार्डावर लिहून टाकले. तुरटीचा खडा ठेवला. मात्र तुरटीने गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत, म्हणून क्लोरिनच्या गोळ्याही घेतल्या. सोळा कामांचा परदेशी चाकू काढून टाकला. सहा वर्षांत त्याने आंबे कापण्याचे एकच काम केले होते. २,००० ची नोट पाकिटातच राहू दिली. तिच्याबद्दल मला अजून निर्णय घेता आलेला नाही.

पाण्यावरून घरात वाद झाला. माणशी रोज चार लिटर, चार माणसे, तीन दिवस, म्हणजे ४८ लिटर, म्हणजेच ४८ किलो, हा हिशेब मी मांडला तेव्हा पत्नीने विचारले, "पुराच्या गावात पाणी साठवायचं?" मी तिला आठवण करून दिली की २०१९ मध्ये शेजारच्या कोल्हापुरात उपसा केंद्रेच बुडाली आणि चहूकडे पाणी असताना लोक टँकरच्या रांगेत उभे होते. ती म्हणाली, ठेव, पण माझ्या पलंगाखाली नको. जार सध्या माझ्या पलंगाखाली आहेत.

काल सायंकाळी दारावर तात्या आले. हातात चौरेघी वहीतून फाडलेला कागद होता: एकूण अकरा आक्षेप, पूर्तता अहवाल १ जूनपूर्वी सादर करावा, खाली सही. मी कागद घेतला आणि दार लावू लागलो, तर ते तिथेच घुटमळत राहिले. मग खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले काहीतरी काढले. आत साखरेच्या गोळ्यांची पट्टी, पेन्शनच्या पासबुकाची झेरॉक्स आणि काकूंच्या जुन्या चष्म्याचे घर होते.

"तुमच्या पिशवीत जागा हाय का थोडी?"

मी जागा केली. शिट्टीच्या शेजारी ते सगळे नीट बसले. तात्यांनी स्वतः चेन लावून पाहिली, पिशवी हातात घेऊन वजन जोखले, आणि मग पावती मागितली.

मी दिली.