‘ताई, जरा जमिनीवर या’ म्हणणाऱ्या पालकांना उत्तर

काल रात्री ‘एक पालक’ या नावाने माझ्या मागच्या पोस्टवर प्रतिक्रिया आलीये. तिथेच खाली दोन ओळीत उत्तर देणार होते, पण लिहायला बसले आणि आवरेना, म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या भागातल्या महापालिकेच्या मराठी प्राथमिक शाळेत मी तीनदा जाऊन आले, पहिलीला घालण्याआधी शाळा कशी पारखायची, काय बघायचं, काय विचारायचं ते लिहिलं आणि शेवटी म्हटलं की मला शाळा चांगली वाटली, जवळ राहणाऱ्यांनी जरूर विचार करावा. त्यावर यांचं म्हणणं असं: “ताई, जरा जमिनीवर या. दोन तास वर्गात बसून शाळा कळत नसते, निकाल बघावे लागतात. पट कमी होत चाललाय, तिसरी-चौथी एकाच वर्गात बसते, कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप आहे, ज्या मैदानाचं कौतुक केलंत तिथे अर्ध्यात गाड्या लागतात. तुमची मुलगी शिकून बाहेर पडली, आता लोकांच्या पोरांवर प्रयोग कशाला?”

आधी त्या पहिल्या वाक्याचं बोलू. ओळख ना पाळख, आणि सुरुवातच ‘जमिनीवर या’ अशी? मी तुम्हाला काही विकायला आले नव्हते, कोणी मला लिहायला सांगितलं नव्हतं, मुलगी कॉलेजला गेल्यावर हातात वेळ होता आणि आजूबाजूच्या तरुण आया सारख्या विचारायच्या म्हणून मी उन्हातान्हात जाऊन हे केलं. न पटलं तर ‘मला असं वाटत नाही’ एवढं लिहिता येतं की. ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच शब्दात शिकवायला लागायचं, याला आमच्याकडे आपुलकी म्हणत नाहीत.

मैदानाचं मात्र मान्य. मी पहिल्या दोन्ही वेळा गेले तेव्हा ते रिकामं होतं, तिसऱ्यांदा गेले तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं. तुम्ही म्हणताय म्हणून आज संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिलं, गाड्या आहेत. पोस्टमध्ये तसं दुरुस्त केलंय.

आता तुमचं खरं वाक्य, ‘दोन तास बसून शाळा कळत नसते, निकाल बघावे लागतात’. पहिली गोष्ट, दोन तास नाही. एकदा परिपाठाच्या वेळी गेले, एकदा मधल्या सुट्टीत खिचडी वाढतात तेव्हा, आणि एकदा न कळवता, शाळा सुटायच्या तासभर आधी. हे सगळं पोस्टमध्ये आहे, वाचून लिहायचं असतं. आणि दुसरी गोष्ट, निकाल म्हणजे कुठले निकाल हो? प्राथमिकच्या मुलांना बोर्डाची परीक्षा नसते, शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे, 2009 सालचा कायदा, 2010 च्या एप्रिलपासून लागू. म्हणजे राहिले शाळेनेच दिलेले मार्क, आकारिक (वर्षभराच्या कामाचे) आणि संकलित (सत्राच्या परीक्षेचे), ते शाळाच तपासते आणि शाळाच वहीत लिहिते. राहिली शिष्यवृत्ती. तिला वर्गातली सगळी मुलं बसत नाहीत, बऱ्याच ठिकाणी हुशार पाच-सात जणांना वेगळं बसवून तयारी करून घेतात आणि मग बाहेर फ्लेक्स लागतो. त्या फ्लेक्सवरून वर्गातल्या उरलेल्या मुलांचं काय चाललंय हे तुम्हाला कळतं? मला तरी कळत नाही.

आणि मार्कांचं मला कोणी सांगू नये, कारण मी त्यातून गेलेय. माझी मुलगी दुसरीपर्यंत एका नावाजलेल्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत होती. रिपोर्ट कार्डवर वरपासून खालपर्यंत ए प्लस, शेऱ्यात एक्सलंट, आम्ही दोघं खूष. एका रविवारी सहज म्हटलं, धडा वाच बघू, शब्दाखाली बोट ठेवून वाच. तर बोट पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दावर आणि तोंड तिसऱ्या ओळीवर. अख्खा धडा पाठ होता. मी पुस्तक उलट्या बाजूने उघडलं, न शिकवलेल्या पानावर, तिथे तिला एक ओळ वाचता येईना, रडायलाच लागली. त्या दिवशी जे पोटात कालवलं ते मी अजून विसरले नाहीये. तिसरीला तिला मराठी शाळेत घातलं, महापालिकेच्याच पण दुसऱ्या वॉर्डातल्या, सासरचे सहा महिने बोलत नव्हते माझ्याशी. तेव्हा ‘लोकांच्या पोरांवर प्रयोग’ हे शब्द मला उद्देशून वापरण्याआधी जरा विचार करायला हवा होता, प्रयोग म्हणायचाच असेल तर मी तो आधी स्वतःच्या पोरीवर केलाय.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवत होती. ती सांगायची, शाळा बघायची तर पहिल्या बाकावरची मुलं बघू नकोस, भिंतीला टेकून बसलेलं पोर बघ, त्याच्याकडे बाई कितीदा जातात ते मोज. मी तेच केलं. तिसरी-चौथीच्या त्या वर्गात (हो, तोच तुमचा एकत्र वर्ग) शेवटच्या रांगेत एक मुलगा वाचताना ‘विद्यार्थ्यांनी’ला अडकला. वि... द्या... आणि गप्प. पुढची पोरं लागली ओरडून सांगायला, बाईंनी नुसता हात वर केला, सगळे थांबले. मग बाई त्याच्याशेजारी उकिडव्या बसल्या, ‘विद्या’च्या पुढचं सगळं बोटाने झाकलं, तेवढं वाचून घेतलं, मग बोट थोडं सरकवलं, मग अजून थोडं. शब्द आला. तिथून उठून जातील असं मला वाटलं, तर म्हणाल्या, हाच शब्द खाली अजून कुठे दिसतोय का बघ. त्याने शोधला आणि त्यावर टिचकी मारली. या सगळ्याला मिनिटभर लागलं असेल, आणि तेवढ्या वेळात पलीकडची चौथीची मुलं आपापली गणितं करत होती, कोणी उठलं नाही. हे कुठल्या निकालात येतं ते मला सांगा.

‘असर’चं सर्वेक्षण 2005 पासून चालू आहे, त्यातही हेच करतात. खेड्यापाड्यांत घरोघर जातात, मुलाला समोर बसवतात, अक्षरं, शब्द, मग पहिलीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार घालतात. मार्कलिस्ट मागत नाहीत. मी काय वेगळं सांगितलं? मुख्याध्यापकांना विचारून चौथीतल्या कुठल्याही दोन-तीन मुलांना न शिकवलेलं पान वाचायला द्या, एवढंच तर लिहिलं होतं.

बाकी पट, एकत्र वर्ग वगैरे. पट कुठे कमी होत नाहीये? पहिली ते पाचवी मिळून साठपर्यंत मुलं असतील तर कायद्यानेच दोन शिक्षक, मग वर्ग एकत्र बसणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी स्वतः चौथीपर्यंत एकत्र वर्गात शिकलेय, माझं काही अडलं नाही. मुलांची आणि शिक्षकांची संख्या यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर शाळेचं नाव टाकून कोणीही बघू शकतं, बघा. कॉम्प्युटरचं कुलूप हा पहिलीच्या प्रवेशाला महत्त्वाचा मुद्दा मला वाटत नाही, त्यावर वेळ घालवत नाही.

पण तुम्हाला एवढी कळकळ आहे तर एक विचारते. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात, तिथे कुलुपाचं, गाड्यांचं, शिक्षकांचं सगळं विचारता येतं. तुम्ही कधी गेलात त्या बैठकीला? निवडणुकीच्या कामाला यंदा कोणते शिक्षक गेले आणि त्या दिवसांत वर्ग कोणी सांभाळला, हे विचारलंत? मी विचारलं, त्याचं उत्तर पोस्टमध्ये सहाव्या परिच्छेदात आहे. तुमच्या प्रतिक्रियेत मात्र तुम्ही गेटच्या आत पाऊल टाकल्याचं कुठे दिसलं नाही, गाड्या काय, रस्त्यावरूनही दिसतात.

येत्या सोमवारी मी परत जातेय, यावेळी पहिलीच्या वर्गात बसणार आहे, बाईंना विचारून ठेवलंय. यायचं असेल तर परिपाठाच्या आधी गेटपाशी भेटा, सोबत बसू, तुम्हाला जे दिसेल ते तुम्ही लिहा, मी एक शब्द न बदलता इथे टाकेन. फक्त ‘जमिनीवर या’ची भाषा परत आली तर ती प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.