दुबईची बँक आली म्हणून सोसायटीचं थकवू नका

आठ-दहा दिवस झाले, एकच मेसेज फिरतोय. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तीनदा आला, मामाच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर किती वेळा ते मोजलंच नाही. मेसेज थोडक्यात असा, की परदेशी बँका आता पहिल्यांदाच भारतात घुसतायत, गावोगावी शाखा काढणार, 3 टक्क्यांनी पीककर्ज देणार, आपल्या सहकारी बँका गुंडाळणार, तेव्हा ठेवी आत्ताच मोडा आणि जुनं कर्ज भरायची घाई करू नका. तासगावच्या मामाचा लगेच फोन, "तू सांगलीत सीएच्या हापिसात बसतोस न्हवं, मग सांग, यंदा सोसायटीचं पीककर्ज भरायचं थांबवू का?" म्हणून हे टाईप करत बसलोय.

"पहिल्यांदाच येतायत" म्हणे. अहो स्टँडर्ड चार्टर्डचा धंदा कोलकात्यात 1858 पासून आहे, सिटी बँक 1902 पासून. 1991 नंतर दारं अजून उघडली, आज चाळीसच्या वर परदेशी बँका देशात आहेत, पण तासगाव स्टँडसमोर यातली एकीची पाटी बघितली का कुणी? उलट सिटीनं तर कार्डं, बचत खाती, घरकर्ज असा सगळा किरकोळ धंदा अ‍ॅक्सिसला विकला, 1 मार्च 2023 ला सौदा पुरा झाला, कंपन्यांचा धंदा तेवढा ठेवला. छोट्या माणसाच्या खात्यात यांना किती रस आहे ते यातच आलं की.

"गावोगावी शाखा". हे जरा नीट बघू, कारण मेसेजची सुरुवात इथूनच झालेली दिसतीय. 2025 च्या मे महिन्यात जपानच्या एसएमबीसी बँकेनं येस बँकेचा 20 टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबरात दुबईच्या एमिरेट्स एनबीडीनं आरबीएलमधे 60 टक्क्यांसाठी 26,853 कोटी घालायचं. आरबीएल म्हणजे आपली जुनी रत्नाकर बँक, 1943 ला कोल्हापुरात निघालेली, सांगली-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांच्या जीवावर वाढलेली. आता बघा, या दुबईच्या बँकेच्या स्वतःच्या शाखा भारतात होत्या तीन. तीनाच्या तीनशे करायच्या तर लायसन्स, जागा, माणसं, सगळ्यात जन्म जाणार, त्यापेक्षा चालू दुकानच घेतलेलं बरं. रिझर्व्ह बँकेनं 2013 साली परदेशी बँकांना इथं स्वतःची भारतीय कंपनी काढायची वाट करून दिली, सिंगापूरच्या डीबीएसनं ती धरली आणि 2020 च्या नोव्हेंबरात बुडती लक्ष्मी विलास बँक त्यांच्यात घातली तेव्हा पाचशेच्या वर शाखा एका झटक्यात मिळाल्या. म्हणजे शाखा त्याच, काउंटरही तोच, पाटी फक्त बदलते. नवीन काही उगवत नाही.

"3 टक्क्यांनी पीककर्ज". हे वाचून मी हसलोच. राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं! शून्य सोडून तीनच्या मागं कोण धावणार? मामाचं कर्ज 2 लाख 80 हजार, मुदत चुकली की सवलत गेली, 7 टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचे 19,600 डोक्यावर, पुढं थकीत म्हणून नाव लागलं की नवीन कर्जाला सेक्रेटरीच्या मागं फिरायचं ते वेगळंच. आणि तिकडं परदेशात व्याज कमी म्हणून इकडं कमी असं नसतं हो. इथं कर्ज रुपयात, ते बहुतेक रुपयाच्या ठेवीतनं द्यायचं, बाहेरनं पैसा आणला तर रुपया घसरायची जोखीम. दुबईचं चलन दिरहाम, ते डॉलरला बांधलेलं आहे, आणि 2011 मधे 45 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2025 मधे 85 च्या पुढं गेला, हा फरक कोण सोसणार?

मग यांना इथं मिळणार काय? भरपूर मिळणार, पण पीककर्जात नाही. 20 पेक्षा कमी शाखा असलेल्या परदेशी बँकेलाही 40 टक्के कर्ज अग्रक्रमाच्या क्षेत्रात (शेती, छोटे उद्योग वगैरे) द्यावं लागतं, पण त्या 40 मधले 32 पर्यंत निर्यातीचं कर्ज चालतं. म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक मामा नाही, मामाची द्राक्षं रॉटरडॅमला पाठवणारा एक्सपोर्टर. द्राक्षं, बेदाणा, हळद, सांगलीतनं माल जातोच की. आमच्या एका क्लायंटचे मागं 40 हजार डॉलर आले, त्याच्या बँकेनं (परदेशी नाही, आपलीच) ते रुपयात बदलताना डॉलरमागं 70 पैसे कमी लावले, म्हणजे 28 हजार रुपये गेले आणि त्याला पत्ताच नाही, स्टेटमेंट चाळताना मला दिसलं. इथं चार बँका भांडल्या तर मला आनंदच आहे, एवढं या मेसेजवाल्याचं बरोबर निघालं असतं, पण त्यानं हे लिहिलंच नाही.

"सहकारी बँका गुंडाळतील". गुंडाळायला परदेशी कशाला पाहिजेत? साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न, 1936 ची, भांडवल आटलं आणि 2006 मधे आयडीबीआयमधे गेली. सांगली बँक, 1916 ची, 2007 मधे आयसीआयसीआयमधे. या दोन सहकारी नव्हत्या, पण आपल्या होत्या. आणि सहकारी म्हणाल तर वसंतदादा शेतकरी बँकेचं लायसन्स 2009 ला गेलं. यातल्या एकाही प्रकरणात परदेशी बँकेचा हात नव्हता. सांगलीत ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांना विचारा.

ठेवींचं थोडक्यात. 5 लाखांपर्यंतचा विमा सहकारी, सरकारी, परदेशी सगळ्या बँकांना सारखाच, 2020 पासून. मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जातं, बस.

मामानं काल भरलं. पावतीचा फोटो पाठवला, शिक्क्यातली तारीखच उठली नाही. म्हटलं, परत जा आणि दुसरा शिक्का मारून आण, सवलतीला तारीख दिसली पाहिजे. तर म्हणतोय, आज बेदाणा धुवायचाय, उद्या जातो.