युकुलेले घेऊन गाणाऱ्यांनो, आधी आवाजाचं बूड बघा

युकुलेलेवर, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारसारख्या वाद्यावर, स्वतःची गाणी करणाऱ्याला सगळे रील कसं काढायचं तेवढंच शिकवतात. स्पॉटिफायवर गाणं १२ महिन्यांत १,००० वेळा वाजलं नाही, तर रेकॉर्डिंगचा एक पैसाही हाती येत नाही. म्हणजे सुरुवातीची कमाई कार्यक्रमांचीच, आणि तिथे हे वाद्य दगा देतं.

नेहमीच्या जी-सी-ई-ए जुळणीत सर्वांत खालचा सूर मध्य सप्तकातली पांढरी एक (सी), म्हणजे सुमारे २६२ हर्ट्झ. पुरुषाचा गळा बहुतेक वेळ त्याच्या खालीच फिरतो, त्यामुळे गाण्याला बूड, म्हणजे खालच्या सुरांचा आधार, राहत नाही. बायकांचा आवाज आणि तारा एकाच जागेत गर्दी करतात. म्हणून टेनर, म्हणजे मोठ्या आकाराचं युकुलेले घ्या, लो-जी, म्हणजे एक सप्तक खालच्या जीची, तार लावा. १९६ हर्ट्झपर्यंत उतरता येतं. ही तार जाड असते. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात तो आडवा तुकडा) खाच थोडी रुंद करावी लागते, पण खोल करू नका. खोल केली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या कडेला) लागून झणझणते. नव्या तारा ताणून स्थिर व्हायला काही दिवस जातात. कार्यक्रमाच्या दिवशी तारा बदलणं म्हणजे हौसेने बेसूर होणं.

आता पट्टी. सोप्या कॉर्डसाठी गळा पांढरी एकमध्ये कोंबू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी पट्टीच्या कॉर्डचे आकार धरले की काळी एक, जीचे धरले की काळी चार. कॅपो युकुलेलेचाच हवा. गिटारचा जास्त दाबतो आणि सूर चढतो.

पिकअप (वाद्याचा आवाज केबलवर पाठवणारा भाग) पिएझो, म्हणजे वाद्याची कंपनं पकडणारा, असेल तर मिक्सरवर १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायला सांगा. तिथे वाद्याचा सूर नसतोच, फक्त हाताची धपधप आणि फीडबॅक. पिकअपला प्रीअँप (सिग्नल वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट) नसेल तर डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) स्वतःचा न्या, नाहीतर आवाज पत्र्यासारखा येतो. प्रीअँप असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढा. जॅक आत राहिला की बॅटरी संपते.

आणखी एक, ज्यावर फारसं कुणी बोलत नाही: गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारा अ‍ॅग्रीगेटर देतो ते रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चालीची रॉयल्टी वेगळी; त्यासाठी ती गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्य होऊन प्रत्येक गाणं नोंदवा. दुसऱ्याच्या कवितेला चाल लावली असेल, तर परवानगी आणि टक्केवारी आधी लेखी घ्या. कवी हयात नसले तरी निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो.